सीएसआर अहवालात घराणं कुठे दिसतं?

वाणिज्य किंवा व्यवस्थापन विषयात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या दहा जणांना विषय विचारा, त्यातले एक-दोघे तरी सीएसआर सांगतील. शीर्षकाचा साचाही जवळजवळ ठरलेला : 'कौटुंबिक मालकीचा सीएसआर प्रकटीकरणावर होणारा परिणाम, भारतातील सूचीबद्ध कंपन्यांच्या संदर्भात'. विषय वाईट नाही. वार्षिक अहवाल फुकट मिळतात, भागधारकांची माहिती शेअर बाजारांच्या वेबसाइटवर असते, लिटरेचर रिव्ह्यूसाठी पेपर भरपूर आहेत.

तरीही इथे एक मोठा खड्डा आहे. कंपनीने काय केलं, कंपनीने काय सांगितलं आणि कायद्याने तिला काय सांगायला लावलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनॉप्सिसमध्ये त्या सहसा एकच धरलेल्या असतात. भारतात तर तिसरी गोष्ट इतकी जड आहे की पहिल्या दोन तिच्याखाली झाकल्या जातात. तीन-चार वर्षं डेटा गोळा करून हातात जे उत्तर येतं ते घराण्याबद्दलचं नसून कंपनी कायद्याच्या कलम १३५ बद्दलचं असण्याची शक्यता बरीच. म्हणून गाईडकडे जाण्याआधी हे एकदा नीट समजून घ्या.

तेलगिरण्या आणि घराण्याची पत

मालक आणि व्यवस्थापक वेगळे असले की व्यवस्थापक मालकाच्या पैशावर आपली सोय पाहतो, ही जेन्सन आणि मेकलिंग यांची १९७६ मधली मांडणी, म्हणजेच एजन्सी सिद्धांत, तुम्ही एम.कॉम. किंवा एमबीएला वाचलेला असेल. कौटुंबिक कंपनीत मालकच खुर्चीत बसलेला, म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं. पण लगेच दुसरा उभा राहतो : घराणं विरुद्ध छोटे भागधारक. घराण्याकडे मोठा हिस्सा आणि सगळी सूत्रं, बाकीच्या हजारो लोकांकडे थोडे-थोडे शेअर आणि आवाज शून्य. पेपरांत याला 'टाइप टू एजन्सी प्रॉब्लेम' म्हणतात. या चष्म्यातून सीएसआरकडे संशयानेच बघावं लागतं. पैसा सगळ्या भागधारकांचा, कोनशिलेवर नाव आजोबांचं.

दुसरा चष्मा २००७ मधला. गोमेझ-मेहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलाच्या १२३७ कौटुंबिक गिरण्यांचा अभ्यास केला. या गिरण्यांसमोर सहकारी संस्थेत सामील होण्याचा पर्याय होता. गेलं तर धंद्यातला धोका कमी होणार, पण गिरणीवरचा ताबा सुटणार. नुसता पैशाचा हिशेब केला तर आत जाणं शहाणपणाचं होतं. तरीही कौटुंबिक गिरण्यांचा कल बाहेर राहण्याकडे, म्हणजे जास्त धोका पत्करून ताबा राखण्याकडे दिसला. त्यातून निष्कर्ष असा की कुटुंब नफ्याबरोबर आणखी काहीतरी जपत असतं : ताबा, घराण्याचं नाव, पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा वारसा, आसपासच्या लोकांशी असलेले संबंध. याचं तांत्रिक नाव 'सोशिओइमोशनल वेल्थ'. मराठीत 'सामाजिक-भावनिक संपत्ती' लिहिता येईल, पण मला विचाराल तर 'चार लोकांतली पत' हे जास्त जवळचं आहे.

ही कल्पना सीएसआरला कशी लागू होते, ते याच गटाच्या पुढच्या दोन पेपरांत दिसतं. २०१० मध्ये बेरोने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रदूषणकारी उद्योगांतल्या १९४ कंपन्या घेतल्या. घराण्याच्या ताब्यातल्या कंपन्या कमी प्रदूषण करतात, आणि कामकाज एकाच परिसरात एकवटलेलं असेल तर हा फरक आणखी ठळक होतो, असं आढळलं. जिथे राहायचं, जिथल्या लग्नाकार्याला जायचं, तिथलंच पाणी खराब कसं करणार? २०१४ मध्ये क्रूझ आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या कंपन्यांवर काम केलं, आणि तिथे एक अवघड गोष्ट पुढे आली. कौटुंबिक कंपन्या बाहेरच्यांशी, म्हणजे समाज, पर्यावरण, ग्राहक यांच्याशी चांगलं वागतात, पण आतल्यांशी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आणि कारभाराच्या बाबतीत, कमी पडतात. एकच कंपनी एकाच वेळी जबाबदार आणि बेजबाबदार असू शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे भारतीय डेटामध्ये याचीच गरज पडणार आहे.

सक्ती नसते तेव्हा

अहवाल ऐच्छिक असेल तर तो लिहिणं हीच निवड असते, आणि त्या निवडीतून मालकाबद्दल काही कळू शकतं. कॅम्पोपियानो आणि डी मासिस यांनी २०१५ मध्ये इटलीतल्या ९८ मोठ्या आणि मध्यम कंपन्यांचे अहवाल तपासले. कौटुंबिक कंपन्यांच्या अहवालांत विविधता जास्त, पण ठरलेल्या मानकांचं पालन कमी. आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने सांगतात, साच्यात बसवत नाहीत.

विकसनशील देशांकडे वळलं की बांगलादेशचा अभ्यास वाचायलाच हवा. खान, मुत्ताकिन आणि सिद्दिकी यांचा तो पेपर २०१३ मध्ये आला. तिथे व्यवस्थापकांच्या हाती असलेली मालकी म्हणजे बहुतेकदा कुटुंबाचीच मालकी. ती जितकी जास्त तितकं सीएसआरबद्दलचं प्रकटीकरण कमी, असं सर्वसाधारण चित्र निघालं. पण निर्यात करणाऱ्या उद्योगांत हेच नातं उलटं झालं. मालकी तशीच, मग बदललं काय? ऐकणारा बदलला. गावातल्या लोकांना आणि नातलगांना कंपनी काय करते हे अहवालाशिवाय माहीत असतं. परदेशातल्या खरेदीदाराला कागद लागतो.

पण कागदाची मर्यादाही बांगलादेशनेच दाखवली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली, बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार. तिथे पाश्चात्त्य ब्रँडसाठी माल तयार व्हायचा, आणि त्या ब्रँडकडे पुरवठादारांसाठी आचारसंहिता होत्या, तपासण्यांची व्यवस्था होती. तुमच्या एक्सेलमधला 'प्रकटीकरण निर्देशांक' वाढला म्हणजे भिंतीची तडे बुजली असं होत नाही, एवढं डोक्यात ठेवूनच पुढे जा.

२ टक्क्यांची गोष्ट

आता भारत. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली एक जरी पातळी गाठली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. कामं अनुसूची ७ मध्ये दिलेल्या यादीतलीच. संचालक मंडळाच्या अहवालाला सीएसआरचा वार्षिक अहवाल जोडायचा, तोही ठरवून दिलेल्या नमुन्यात. (हा नफा कलम १९८ प्रमाणे काढतात. त्यामुळे नफा-तोटा पत्रकातल्या आकड्याचे २ टक्के काढून ताळा जुळत नाही म्हणून घाबरू नका.)

याचा संशोधनावर काय परिणाम होतो बघा. मी मूळची संख्याशास्त्राची, त्यामुळे आधी तेच दिसतं : ज्या चलात फरकच नाही, त्यावर कशाचाही परिणाम मोजता येत नाही. सगळ्यांनी २ टक्क्यांच्या आसपास खर्च केला आणि सगळ्यांनी एकाच नमुन्यात लिहिलं, तर घराण्याची कंपनी आणि बिगर-घराण्याची कंपनी यांत फरक उरणार कुठून? तुम्ही अहवालातले शब्द मोजून निर्देशांक बनवलात तर बराचसा नमुनाच मोजला जातो. समितीत कोण, बैठका किती, देय रक्कम किती, खर्च किती. हा मजकूर वर्षानुवर्षं तोच, फक्त आकडे बदलतात.

कायद्याने खर्च वाढवला की नुसता एका रेषेवर आणला, यावर धर्मपाल आणि खन्ना यांचा २०१८ मधला अभ्यास जरूर वाचा. कायद्याच्या कक्षेत आलेल्या कंपन्यांचा सीएसआर खर्च वाढला. पण ज्या मोठ्या कंपन्या आधीपासूनच २ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करत होत्या, त्यांनी तो कमी केला. किमान मर्यादा म्हणून लिहिलेला आकडा काहींसाठी कमाल मर्यादा झाला. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे, कारण 'पत जपणारं घराणं' ही कल्पना इथे खरी कसाला लागते. जे काम कायद्याआधी नावासाठी, श्रद्धेपोटी किंवा परंपरेने होत होतं, ते सक्तीचं झाल्यावर त्यातून पत मिळेनाशी होते का? सगळेच देतात म्हटल्यावर दात्याचं वेगळेपण काय राहिलं?

मग घराणं शोधायचं कुठे?

जिथे कायद्याने निवड शिल्लक ठेवली आहे तिथे. अशा जागा आहेत, आणि त्यातल्या काही तर हाताशी आहेत.

पहिली जागा जुन्या अहवालांत आहे. सुरुवातीची काही वर्षं कायद्याचं धोरण 'पाळा नाहीतर कारण सांगा' असं होतं. २ टक्के खर्च झाला नाही तर का झाला नाही ते अहवालात लिहायचं, बस. २२ जानेवारी २०२१ पासून हे बदललं. चालू प्रकल्पांचे न वापरलेले पैसे वेगळ्या बँक खात्यात, बाकीचे अनुसूची ७ मधल्या निधीत, आणि चूक केली तर दंड. कारण आजही लिहावं लागतं, पण त्याचं वजन गेलं. म्हणजे २०१४-१५ ते २०१९-२० या सहा वर्षांतला 'खर्च का झाला नाही' हा रकाना हा मोकळ्या हाताने लिहिलेला मजकूर आहे. 'योग्य संस्था मिळाली नाही', 'प्रकल्प अनेक वर्षांचा आहे', 'पहिलंच वर्ष होतं' अशी उत्तरं तिथे भेटतात. कोण गप्प बसलं, कोणी एका ओळीत उरकलं, कोणी सविस्तर सांगितलं, याची तुलना घराणं आणि बिगर-घराणं अशी करता येईल. गुणात्मक संशोधनाची आवड असेल तर हे सोनं आहे.

दुसरी जागा म्हणजे नकाशा. कायदा म्हणतो की कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. मंत्रालयाने पुढे स्पष्ट केलं की हे मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. म्हणजे जिल्हा निवडताना मालकाला मोकळीक आहे, आणि तिथे कारखान्याचा नकाशा आणि कुटुंबाचा नकाशा वेगवेगळे दिसू शकतात. बजाज कुटुंबाचं उदाहरण आपल्याला जवळचं. जमनालाल बजाज यांचा जन्म राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या गावचा. दत्तक जाऊन ते वर्ध्याला आले आणि पुढे गांधीजींना त्यांनी वर्ध्यात आणलं, हे शाळेत आपण वाचलेलं असतं. आज या कुटुंबाशी संबंधित कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशन ग्रामविकासाचं काम करतं ते वर्धा आणि सीकर या जिल्ह्यांत. बजाज ऑटोचे कारखाने मात्र चाकण, वाळूज आणि उत्तराखंडातल्या पंतनगरला. यात गैर काहीच नाही. वर्ध्यातल्या शेतकऱ्याला बांध किंवा शेततळं मिळालं तर ते कुणाच्या आठवणीखातर मिळालं याने त्याचं काही बिघडत नाही. पण संशोधक म्हणून तुम्हाला यात घराण्याची खूण दिसते, जी २ टक्क्यांच्या आकड्यात कधीच दिसली नसती. 'कारखान्यापासून किती' आणि 'मूळ गावापासून किती' असे दोन चल बनवले तर बेरोने यांचा 'स्थानिकता' हा मुद्दा भारतात नव्याने तपासता येईल.

जिल्हावार आकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर मिळतात. एक सावधगिरी : वार्षिक अहवालाचा नमुना २०२१ मध्ये विस्तारला आणि २०२२ मध्ये पुन्हा बदलून आटोपशीर झाला, प्रकल्पवार तक्ते त्यातून गेले. सलग दहा वर्षांचा पॅनल बनवणार असाल तर रकाने वर्षावर्षाला तपासून घ्या.

तिसरी जागा : पैसा कोणाच्या हातून जातो. कंपनी स्वतः काम करू शकते, बाहेरच्या संस्थेला देऊ शकते, किंवा स्वतः स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला. बाहेरच्या संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो, कंपनीनेच स्थापन केलेल्या संस्थेला ही अट नाही. एजन्सी सिद्धांत आणि 'चार लोकांतली पत' या दोन्ही चष्म्यांची गाठ इथे पडते. कुटुंबातली माणसं विश्वस्त असलेल्या प्रतिष्ठानाकडे पैसा गेला, तर तो ताबा राखण्यासाठी, की त्यांना त्या कामाची पिढ्यान्‌पिढ्या माहिती आहे म्हणून? दोन्ही शक्य आहे. सीएसआरचं परिशिष्ट वाचून थांबू नका. आर्थिक पत्रकांच्या टिपांमध्ये जा. २०२१ च्या बदलानंतर अनुसूची ३ प्रमाणे सीएसआरच्या टिपेत संबंधित पक्षांशी झालेले व्यवहारही दाखवावे लागतात. विद्यार्थी तिथपर्यंत क्वचित पोचतात.

चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती सीएसआर अहवालाच्या बाहेर आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेलं काम कायद्याने सीएसआर धरलं जात नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर कँटीनचा खर्चही दाखवला गेला असता. पण आपल्याकडे उद्योगाची सामाजिक जबाबदारी सुरू झाली तीच मुळी कामगार वसाहतींतून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली तेव्हा कारखान्याबरोबर वस्तीही वसवली. नुसती कामगारांसाठी बांधलेली तशी वस्ती आजच्या परिशिष्टात बसणार नाही. आता क्रूझ यांचा निष्कर्ष आठवा : बाहेरच्यांशी चांगलं, आतल्यांशी कमी. सीएसआर अहवालात रचनेनेच फक्त 'बाहेरचं' असतं. तेवढाच वाचून 'कौटुंबिक कंपन्या जास्त जबाबदार' असा निष्कर्ष काढलात, तर अर्धं चित्र तुम्ही मोजलंच नाही. आणि त्या अर्ध्यात कंत्राटी कामगार आहेत, त्यांची सुरक्षितता आहे, पगार आहे.

ते अर्धं आता थोडंफार मोजता येतं. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' अहवाल बंधनकारक केला. त्यात कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे दाखवायचे असतात, अपघातांचे आकडे असतात, स्त्री-पुरुषांचे मध्यक वेतन असते. एकाच कंपनीचं सीएसआर परिशिष्ट आणि बीआरएसआर शेजारी-शेजारी ठेवा. गावातल्या शाळेला डिजिटल वर्ग देणाऱ्या कंपनीत कंत्राटी कामगार किती टक्के आहेत, हा प्रश्न त्या दोन कागदांच्या मध्ये पडलेला असतो.

'कौटुंबिक' कुणाला म्हणायचं?

याचं उत्तर मेथडॉलॉजीच्या प्रकरणात नाही, सिनॉप्सिसमध्येच द्या. परदेशी पेपरांत ५ टक्के, २० टक्के, २५ टक्के असे उंबरठे भेटतात. भारतात सूचीबद्ध कंपनीत प्रवर्तक ७५ टक्क्यांपर्यंत शेअर ठेवू शकतात आणि अनेकांकडे निम्म्याच्या आसपास असतात. तिथे २० टक्क्यांचा उंबरठा लावलात तर जवळपास सगळ्याच खासगी कंपन्या 'कौटुंबिक' होतील, आणि पुन्हा फरक गायब. शिवाय प्रवर्तक म्हणजे कुटुंब नव्हे. प्रवर्तक सरकार असू शकतं, परदेशी मूळ कंपनी असू शकते. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर विश्वस्त संस्थांकडे आहेत, मग टाटा समूहाच्या कंपन्या कौटुंबिक की बिगर-कौटुंबिक? तुम्ही काहीही ठरवा, पण का ते लिहा. आणि घराणी विभागलीही जातात. गोदरेज कुटुंबाने २०२४ मध्ये समूहाची वाटणी जाहीर केली, म्हणजे तुमच्या पॅनलच्या मध्येच एका घराण्याची दोन झाली. हिश्श्याच्या टक्क्यांसोबत संचालक मंडळावर कुटुंबातले किती, अध्यक्ष किंवा व्यवस्थापकीय संचालक कुटुंबातला आहे का, कितवी पिढी, आणि सीएसआर समितीचं अध्यक्षपद कोणाकडे, एवढं नोंदवलं तर 'कौटुंबिक' या शब्दात काहीतरी जीव येतो. सीएसआर समितीचा रकाना तर परिशिष्टातच असतो. तिथे कुटुंबातल्या कोणाचं नाव आहे, हे एका ओळीत कळतं.

सिनॉप्सिस सादर करायला महिना असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाच कंपन्या निवडा. तीन घराण्याच्या, एक सरकारी, एक परदेशी मूळ कंपनीची, शक्यतो एकाच उद्योगातल्या. प्रत्येकीचा २०१८-१९ आणि २०२२-२३ चा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. सीएसआर परिशिष्ट, आर्थिक पत्रकातली सीएसआरची टीप, संबंधित पक्षांची टीप आणि दुसऱ्या वर्षासाठी बीआरएसआर, एवढं हाताने वाचा. दहा अहवाल, साधारण दोन आठवड्यांचं काम. वाचताना एका वहीत दोन रकाने करा : 'नमुन्यामुळे लिहिलेलं' आणि 'न लिहिलं तरी चाललं असतं'. दुसऱ्या रकान्यात काय जमा होतंय ते बघून मग चल ठरवा.